रायफलीचं अभ्यंगस्नान

२ ऑक्टोबर, दसरा

रायफल आली एकदाची! कुंभिवलीहून मोटारसायकलवर आम्ही दोघं आणि मधे ती, चादरीत गुंडाळलेली. कडाव येईस्तोवर मी दोन्ही हातांनी तिलाच धरून बसले होते, नवऱ्याला धरलंच नाही. हे म्हणाले, "खड्ड्यात पडलीस तं रायफल वाचंल, तू नाय वाचायची." म्हटलं चालेल, दुभती म्हैस विकून घेतलीय.

सासूबाई त्या म्हशीपायी अजून फुगलेल्या आहेत. पण करणार काय? मामंजी गेले, त्यांची ठासणीची बंदूक म्हातारी झाली. दारू ठासून होईपर्यंत डुकरं शेत नांगरून घरी जातात. परवाना माझ्या नावावर झाला, कारण ह्यांना लांबचं धड दिसत नाही आणि नेम माझा, हे गावात पोरंसोरंही सांगतील. ह्या भागात बाईच्या नावावर रायफल ही एकच, असं जितेशभावजी सांगत फिरतात. ऐकायला बरं वाटतं. का वाटू नये?

झहीरभाईंनी दुकानात सगळं नीट दाखवलं. बोल्ट कसा काढायचा, त्याच्या आतली सुई कशी स्प्रिंगच्या जोरावर काडतुसाच्या बुडाला ठोकते, सगळं. मग एक इवलीशी बाटली दिली आणि म्हणाले, "छायावहिनी, आत हेच तेल, तेपण थेंबभर. दुसरं कायपण घालू नका." मी मान डोलावली. दुकानदार म्हटला की बाटल्या खपवायच्याच. आमच्या मामंजींनी हयातभर बंदुकीला खोबरेल चोळलं, कधी गंजाचा ठिपका दिसला नाही.

सासूबाईंनी फुगल्या फुगल्याच हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. जाताना रायफलीवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१४ ऑक्टोबर

पडला डुक्कर! एका गोळीत. पहाटे बांधाच्या खालच्या अंगाला चरत होता, चांगला दांडगा. वनखात्याची परवानगी हातात होतीच, त्यांची माणसं आली, पंचनामा झाला, सगळं रीतसर. ह्या रायफलीला काय म्हणावं! धक्का बसतो खांद्याला, पण नेम म्हणजे सुतात.

जितेशभावजींनी मोबाईलवर माझी मुलाखत घेतली. 'रायफलवाली छायाताई.' मी नवी साडी नेसून आले तर म्हणतात, "वयनी, शेतातलीच साडी बरी दिसंल." मी सांगितलं, रायफल एक नंबर, पैसा वसूल, कुंभिवलीच्या झहीरभाईंकडून घेतली. संध्याकाळी झहीरभाईंचा फोन. तुमच्यामुळे दोन गिऱ्हाइकं चौकशीला आली म्हणे. मी म्हटलं, मग आता आमच्या रियाच्या लग्नाला मोठा आहेर आणा. खूप हसले.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे सगळ्यांना तेल-उटणं झालं. मामंजी ह्या दिवशी आधी स्वतः तेल लावून घ्यायचे आणि मग बंदुकीला लावायचे. "हीपण घरातलीच," असं म्हणायचे. मी तसंच केलं. झहीरभाईंची बाटली केव्हाच रिकामी झालीय. बोल्ट काढला, वाटीतलं कोमट खोबरेल आतबाहेर चांगलं मुरवलं, स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यांत बोटाने घातलं. अशी चकाकायला लागली की बस. रिया म्हणते, "आई, तिचे केस पण विंचर." आगाऊ कार्टी.

ठरवलं, दर शनिवारी लावायचं.

२३ नोव्हेंबर

भात घरात आलं. वालाला शेंगा धरायला लागल्यात, म्हणजे डुकरं आता तिकडे वळणार. बाकी काही नाही. तेल लावणं चालू आहे.

११ डिसेंबर

आज लाज गेली. गारठा मरणाचा. पहाटे वालात डुक्कर शिरलं. शेजारचा नवशा आणि त्याचा भाऊ हातात काठ्या घेऊन माझ्या मागे उभे. मी नेम धरला, घोडा दाबला, तर नुसतं 'टुक'. पुन्हा बोल्ट ओढला, दुसरं काडतूस, पुन्हा 'टुक'. डुक्कर माझ्याकडे बघून आरामात निघून गेलं. नवशा म्हणाला, "वहिनी, व्हिडिओत वाजली व्हती ना?" त्याचं तोंड मी आठवडाभर बघणार नाही.

काडतुसं काढून बघितली तर बुडाला नुसतं टोचल्यासारखं झालंय. घरी आले तर रिया ओरडतेय, तेलाची बाटली गोठलीय, डोक्याला काय लावू. म्हटलं, उन्हात ठेव आणि माझं डोकं खाऊ नको.

१२ डिसेंबर

दुपारी कुंभिवलीला गेले. भर उन्हात, रायफल पाठीला. झहीरभाईंनी रिकामीच दाबून बघितली. टण्ण! पुन्हा टण्ण! दुकानातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे मी येडी ठरले.

झहीरभाई म्हणाले, "ठेवून जा वहिनी, बोल्ट उघडून बघतो. उद्या देतो." मी म्हटलं नको, रात्रीची राखण कोण करणार, आणि चालतेय ना आता. मग त्यांनी विचारलं, "तेल तेच लावता ना, मी दिलेलं?"

मी "हो तर" म्हणाले. आता चारचौघांत काय सांगायचं, की तुमची बाटली संपली आणि मी दुसरी घेतली नाही? एवढ्याशा गोष्टीला कोण खोटं म्हणतं. ते जरा विचारात पडले. "मग काडतुसं दमट झाली असतील," म्हणाले आणि नवीन पाकीट दिलं. पैसे घेईनात. "तुमी आमची जाहिरात केली, तेवढं तं घ्या." भला माणूस आहे.

२१ डिसेंबर

दवाखान्यात वही मांडीवर ठेवून लिहितेय, अक्षर लागेल तसं लागू दे.

काल पहाटे हे माझ्याबरोबर आले, कंपनीला सुट्टी होती म्हणून. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही, कशाला येता? तर म्हणाले, "बॅटरी तं धरीन." डुक्कर अगदी जवळ होतं. ह्यांनी बॅटरी मारली, मी दाबला. टुक. ते धावूनच आलं. मी पुन्हा दाबला. टुक. हे माझ्या पुढे झाले. का पुढे झाले? मांडी फाडली. पार आतपर्यंत. माझ्या पदराने बांधलं तर पदर भिजून गेला. नवशाने टेंपो काढला म्हणून पनवेलपर्यंत पोचलो.

डॉक्टर म्हणतात, जीव वाचला, पण पायाचं आत्ताच सांगता येत नाही. सासूबाई बाकावर बसून नुसत्या डुलतायत. मी डोळ्यांत पाणी येऊ दिलेलं नाही. ज्याने मला हे लोखंड विकलं त्याला सोडणार नाही.

२४ डिसेंबर

सोडलं नाही. जितेशभावजींना घेऊन दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, हायवेवरची माणसं जमली. मी काय काय बोलले ते आता नीट आठवतही नाही. "भंगार विकतोस आणि माणसं मारतोस," हे आठवतं. झहीरभाईंना पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. त्यांची बायको नफिसा मागच्या दारात उभी होती. ते एवढंच म्हणत होते, "वहिनी, राजेशभाऊ कसे हायेत ते सांगा. आनि रायफल एकदा उघडून तं बघू द्या." मी म्हटलं, तुझ्या हातात आता खिळासुद्धा देणार नाही.

तिथून पोलिसांत. तक्रार दिली. चौकशी होईपर्यंत दुकान बंद ठेवायला सांगितलंय. रायफल दोन तारखेला तपासणीला घेऊन या म्हणाले.

भावजींनी दुकानासमोरचा व्हिडिओ टाकला. सगळीकडे फिरतोय. खाली लोकांनी नाही नाही ते लिहिलंय. रायफल राहिली बाजूला, त्यांच्या जातीवर गेलेत. मला ते काही बरं वाटलं नाही. पण काढून टाका असंही मी भावजींना म्हटलं नाही.

२९ डिसेंबर

सकाळी रियाच्या डोक्याला तेल लावायचं होतं. बाटली उपडी केली, एक थेंब पडेना. आत सगळं पांढरं, घट्ट. रिया म्हणाली, "काडीने काढ गं आई." मी काडी घातली. काडी आत रुतून उभी राहिली.

मी ती बाटली हातात घेऊन बसले. रिया तीनदा "आई, आई" म्हणाली.

दार लावून घेतलं. कपाट उघडलं. बोल्ट काढला आणि मोकळा केला. स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यांत पांढरं थिजलेलं खोबरेल. ती सुई त्यात अशी बसली होती, जसं लोण्यात बोट. ती कशी काय ठोकणार काडतुसाला?

रायफलीला काहीही झालेलं नव्हतं. मामंजींच्या बंदुकीत असलं काही आत नव्हतंच, त्यांनी बाहेरून चोळलं ते चाललं. हिच्यात मी माझ्या हाताने, बोटाने, कोमट करून, दर शनिवारी.

देवा, ह्यांची मांडी मीच फाडली.

मग मी मोटारसायकलमधलं पेट्रोल वाटीत काढलं आणि चिंधी बुडवून सगळं पुसून काढलं. थेंबही ठेवला नाही. चिंधी चुलीत टाकली, भपकन पेटली. सासूबाईंनी स्वैपाकघरातून विचारलं, "काय गं जळतंय?" म्हटलं, काय नाय.

३० डिसेंबर

झोप नाही. पुसलं तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की घाण आहे, साफ करावी. नाही. हे खोटं आहे. निदान इथे तरी नको. कोणाला दिसू नये म्हणून पुसलं.

२ जानेवारी

रायफल नेली. तपासणाऱ्याने उघडली, बंद केली, चालवून बघितली. ठणठणीत. मी मनात म्हटलं, चला, रायफल चांगली ठरली, म्हणजे झहीरभाई सुटले, मीही सुटले. कोणाचंच नाव नको, प्रकरण आपोआप मिटेल.

तर साहेब म्हणाले, "मग दोष काडतुसांत असणार. काडतुसं कुठली होती?"

"झहीरभाईंकडची."

"पावती?"

"नाय. त्यांनी तशीच दिली होती. फुकट."

साहेबांनी भुवया वर केल्या. "फुकट? बरोबर आहे. खराब मालच कोणी फुकट देतो."

मी तिथे एक अक्षरही खोटं बोलले नाही. जे विचारलं त्याचं खरं खरं उत्तर दिलं. आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. त्या माणसाने दिलेली भेट मी त्याच्याच गळ्यात बांधून आले.

८ जानेवारी

ह्यांना घरी आणलं. काठीने चालतात, लंगडत. पाय वाचला, पण कंपनीत मशीनवर उभं राहणं आता होणार नाही असं दिसतंय. बघायला येणाऱ्यांची रीघ. हे प्रत्येकाला सांगतात, "आमच्या छायेची काय चूक नाय. माल खराब निघाला. ती तं वाघीन हाय." मी चहा ठेवायला आत जाते. साखर घालायची विसरते, नाहीतर दोनदा घालते.

१३ जानेवारी, भोगी

नवशाने पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं आळीभर घमघमत होतं. मला मधे बसवलं. जितेशभावजी म्हणाले, "वयनीनी बरोबर धडा शिकवला. दुकान कायमचं बंद होतंय असं ऐकलं." कोणीतरी टाळी दिली. कोणीतरी म्हणालं, "त्यांच्याकडनं घ्यायचंच कशाला?" मागे हीच माणसं माझा व्हिडिओ बघून झहीरभाईंचा पत्ता विचारत होती.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तोंड उघडलं होतं मी. शप्पथ, उघडलं होतं. पण सगळे माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होते, की मी म्हटलं, "मीठ कमी पडलंय."

मीठ कमी पडलंय! ह्यापेक्षा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. छी.

१५ जानेवारी

आज ह्यांची पट्टी बदलताना सांगितलं. आधी काही ठरवलं नव्हतं. जखम उघडी होती, कडेने टाके, मधे ते काळंनिळं मांस, आणि हे म्हणत होते, "तुझा हात हलका हाय गं. नर्स पार जीव काढायची." तेव्हा मला राहवेना. खोबरेलापासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. "हो तर" म्हणाले ते, पेट्रोलचं, चिंधीचं, साहेबांपुढचं, सगळं.

मी पट्टी पूर्ण बांधली, चिकटपट्टी लावली. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात. हातातली काठी मारली असती तरी मी हलले नसते.

शेवटी ह्यांनी विचारलं, "झहीरला सांगितलंस?"

"नाय."

"मग मला कशाला सांगतेस?"

आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला त्यांनी माफ करावं म्हणून मी सांगितलं होतं, हे त्यांना कळलं आणि मला कळलं नव्हतं.

१६ जानेवारी

पहिल्या गाडीने गेले. आधी पोलिसांत. साहेब ऐकताना एकदा हसले, मग हसायचे थांबले. "बाई, तुम्हाला समजतंय ना तुम्ही काय सांगताय? परवान्यावर येईल." म्हटलं, येऊ द्या. पुसून टाकलं तेही लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. रायफल तिथेच ठेवून आले. एस.टी.त बसल्यावर भावजींना फोन करून सांगितलं, दुकानासमोरचा व्हिडिओ काढा आणि मी सांगते तो नवीन टाका. ते म्हणाले, "वयनी, तुमाला कोनी धमकावलं काय?" मी म्हटलं, नाय. "तुमी मनाच्या मोठ्या, म्हणून सांभाळून घेताय त्याला." फोनवर किंचाळले मी. एस.टी.तली माणसं वळून बघायला लागली. तरी त्यांना पटलं असं वाटलं नाही.

मग कुंभिवलीला. दुकानाचं शटर खाली. त्यावर कोणीतरी काळ्या रंगाने काहीतरी लिहिलेलं, नंतर कोणीतरी घासून काढायचा प्रयत्न केलेला. घर मागच्याच बाजूला आहे. नफिसाने दार उघडलं. मला बघून बाजूला झाली नाही. आतून झहीरभाईच म्हणाले, "कोन हाय? येऊ दे."

मी पाहिलं तर दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. महिन्याभरापूर्वी हसत पाकीट देणारा माणूस हाच का, असं वाटलं. मी उंबऱ्यात उभी राहूनच सांगायला लागले. वाटेत सगळं पाठ केलं होतं, माफीचे शब्दसुद्धा. खोबरेलापर्यंत आले आणि ते म्हणाले, "थांबा."

"वहिनी, त्या दिवशी मी इचारलं व्हतं ना? तेल तेच लावता का म्हणून?"

"हो."

"आनि तुमी हो म्हणालात."

"हो. खोटं बोलले."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आता हा माणूस मला मारेल, नाहीतर हाकलेल. खांदे हलत होते. हात काढले तर डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, आणि चेहरा, काय सांगू, चेहरा सुटलेला, मोकळा झालेला.

"म्हणजे माज्या काडतुसांनी नाय झालं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"राजेशभाऊंचा पाय माज्यामुळं नाय गेला?" पुन्हा विचारलं. मग आत वळून, "नफिसा, ऐकलंस? आपल्या काडतुसांनी नाय झालं. अल्लाचा शुकर हाय. आपल्या हातून नाय झालं."

नफिसा म्हणाली, "मी काय सांगत होते तुमाला? रोज सांगत होते." मग माझ्याकडे बघून सांगायला लागली. पोलीस, व्हिडिओ, दुकान, कशाचं झहीरभाईंनी काही मनाला लावून घेतलं नाही. एकच धरून बसले. छायावहिनी खोटं बोलणार नाय, तेल बरोबर होतं, म्हणजे माझीच काडतुसं वाईट. त्यांनी सगळा साठा परत पाठवून दिला. राजेशभाऊंना भेटायला म्हणून दोनदा निघाले आणि कडावच्या फाट्यावरून परत आले. आत यायचा धीर झाला नाही. जेवणावर बसले की ताट बाजूला सारायचे.

माझ्या त्या दोन शब्दांवर ह्या माणसाने एवढा विश्वास ठेवला होता, की त्यापुढे स्वतःवरचा सोडून दिला. मी कितीदा तरी त्याला चोर म्हटलं. त्याने मला एकदाही खोटारडी म्हटलं नाही, मनातसुद्धा नाही.

मी खाली बसले, तिथेच उंबऱ्यावर. माफी मागायची पाठ केलेली वाक्यं तोंडातच राहिली. ते अजून डोळे पुसत होते, हसत होते, "शुकर हाय" म्हणत होते. माझ्यावर रागवायला त्यांना सवडच नव्हती.

नफिसाने पाणी आणलं. आधी त्यांना दिलं. मग पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, देऊ की नको असं बघत. मी हात पुढे केला नाही. तिने पेला माझ्याजवळ जमिनीवर ठेवला आणि आत गेली.